सवलतीचे रसग्रहण

मराठीत कविता पाडली की समीक्षक धावून येतात, कादंबरी आली की परिसंवाद होतो, नाटक पडलं तरी त्यावर दोन रकाने छापून येतात. पण सध्या घरोघरी सर्वांत जास्त आणि सर्वांत भक्तिभावाने जे साहित्य वाचलं जातं, त्याकडे एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेलं नाही. मी दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सेलच्या पानांबद्दल बोलतो आहे. माणसं ती रात्री बारा वाजता उठून वाचतात. ज्ञानेश्वरी हाती धरली की पाचव्या ओवीला पेंगणारे माझे एक सहकारी हे पान तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचून काढतात, आणि वर दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही करता करता त्याचं निरूपण करतात.

तेव्हा हे काम कुणी तरी करायलाच हवं होतं. मी बी.कॉम. आहे, एका बँकेच्या अड्याळ शाखेत क्लार्क आहे (२०२४ च्या वेतनकराराने आमचं नाव 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं केलं, पगारापेक्षा नावच जास्त वाढलं), आणि साहित्यशास्त्राशी माझा संबंध एवढाच की मम्मटाने काव्याच्या प्रयोजनांत अर्थप्राप्तीही धरली आहे हे मला कुणी तरी सांगितलेलं आठवतं. अर्थप्राप्ती हा विषय वाणिज्य शाखेच्या अखत्यारीत येतो. म्हणून हा आगाऊपणा.

रसग्रहणासाठी मी कॅमेऱ्याचं पान निवडलं. डीएसएलआर कॅमेरा; एका जपानी कंपनीचा, नवशिक्यांसाठी म्हणून २०१८ साली बाजारात आलेला. दुकानाचं नाव सांगत नाही. समीक्षकाने कलाकृतीवर बोलावं, लेखकाच्या घरी जाऊ नये.

हेच पान का, तेही सांगितलं पाहिजे. माझे मामा दंडारीत नाचतात. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा: आमच्या भंडारा-गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूरकडे दिवाळी संपली की गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाव्हण्यांनी घर भरतं, दिवसा बाजार आणि रात्री नाटक किंवा दंडार. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना झाडीपट्टी रंगभूमीचं नाव २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुन्हा एकदा कळलं; आम्ही ती लहानपणापासून सतरंजीवर झोपून पाहत आलो आहोत. मामा तरुणपणी बाईचं सोंग घ्यायचे. असे नाचायचे म्हणतात की मामींनी लग्नाआधी त्यांना पाहून 'ही कोण?' म्हणून विचारलं होतं. आता वय चौऱ्याहत्तर. गुडघे बोलतात. दरवर्षी 'हे शेवटची मंडई' म्हणतात आणि दरवर्षी चाळ बांधतात. पण त्यांचा नाचतानाचा एकही धड फोटो नाही. मोबाइलवर काढलेले जे आहेत त्यांत मामा एखाद्या धुरकट पट्ट्यासारखे दिसतात. एका फोटोत तर फक्त साडी नाचते आहे.

असो. पानाकडे वळू.

पहिली गोष्ट नजरेत भरते ती शीर्षकाची लांबी. 'ययाती', 'स्वामी', 'कोसला' ही आपल्याकडची शीर्षकं. हे शीर्षक मी मोजलं तेव्हा एकतीस शब्दांचं निघालं. त्यात कॅमेरा, त्याचं भिंग, दुसरं भिंग, पिशवी, कार्ड, रंग (काळा) आणि पुन्हा एकदा कॅमेरा. जुन्या काळी राजांच्या ताम्रपटांत अशी नावं असत. फरक इतकाच की ताम्रपटात शेवटी गाव दान मिळायचं.

भाषेबद्दल काही बोलायलाच हवं. २०२१ सालापासून मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांची पानं मराठीतही मिळू लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. आनंद पहिल्या वाक्यापर्यंत टिकतो. भिंगाशिवाय नुसता कॅमेरा विकत घ्यायचा असेल तर त्याला फोटोवाले 'बॉडी' म्हणतात. आमच्या पानावर त्याचं भाषांतर 'फक्त शरीर' असं होतं. 'फक्त शरीर, ३८,९९० रुपये, उद्या घरपोच.' सौ.नं हे माझ्या खांद्यावरून वाचलं आणि मी नेमका काय मागवतो आहे याची शांतपणे चौकशी केली.

आता कथानक. सेलच्या पानाचं कथानक म्हणजे किंमत. त्यात दोन पात्रं असतात: एक आडवी रेघ मारलेली मोठी किंमत आणि तिच्या शेजारी उभी असलेली बारकी किंमत. रेघ मारलेली किंमत ही या नाटकातली मेलेली नायिका. ती कधीच रंगमंचावर येत नाही, पण सगळे तिच्याबद्दलच बोलतात. ती छापील कमाल किंमत असते, म्हणजे तिच्यापेक्षा जास्त घेऊ नये अशी कायद्याची मर्यादा. त्या मर्यादेला त्या कॅमेऱ्यासाठी कुणी कधी पैसे मोजले होते का, असा प्रश्न विचारणं म्हणजे रसभंग. यंदा, म्हणजे २०२५ साली, तर पानाच्या डोक्यावर जीएसटी कपातीचं तोरणही होतं. २२ सप्टेंबरपासून कराचे नवे दर लागू झाले, मोठे टीव्ही आणि एसी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आले, हे खरंच. पण कॅमेरा १ जानेवारी २०१९ पासूनच अठरा टक्क्यांत बसला आहे. त्याला यंदा एक पैसा सुटला नाही. शेजाऱ्याच्या मुलाच्या लग्नात आपणच फेटा बांधून पुढे नाचावं, तसं हे तोरण.

पण या साहित्याचं खरं सामर्थ्य अलंकारांत आहे. आपल्या प्राचीन आचार्यांनी उपमा-उत्प्रेक्षा मोजल्या. या नव्या साहित्याचे अलंकार भारत सरकारने मोजले. विनोद नव्हे. ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न्स' रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात गिऱ्हाइकाला गंडवण्याच्या तेरा तऱ्हा नावानिशी दिल्या. सरकारी कागदांत इतकं रसाळ वाचन मी क्वचित केलं आहे. खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, दर शेवटी शेवटी थेंबाथेंबाने वाढवत नेणं... मम्मटाने हात टेकले असते.

माझ्या पानावर यांतले निदान चार भेटले. खोटी घाई म्हणजे तो घड्याळाचा आकडा. 'सवलत संपायला ०२:१४:०९.' माणसाचं काळीज धडधडतं. मी बँकेतला माणूस. मला तीन वाजून एकोणसाठ मिनिटांनी येणाऱ्या गिऱ्हाइकांची सवय आहे, म्हणून मी घाबरलो नाही, बघत बसलो. घड्याळ शून्यावर आलं. काही कोसळलं नाही. सकाळी पुन्हा तेच घड्याळ, तीच किंमत, आणि खाली तीच लाल अक्षरं: 'फक्त २ शिल्लक.' हे दोन कॅमेरे नऊ दिवस शिल्लक होते. फक्त दोन शिल्लक असं खरेपणाने म्हणता येईल ते आमच्या शाखेतल्या काउंटरवरच्या माणसांबद्दल.

टोपलीत सरकवलेली वस्तू म्हणजे वाढीव वॉरंटी. खूण आधीच मारून ठेवलेली. आणि ती काढायला जावं तर नकाराचं बटण म्हणतं, 'नको, मी जोखीम घेईन.' बटणासुद्धा इतक्या तुच्छतेने बोलू शकतं हे मला नवीन होतं. कर्ज नाकारताना आमचे शाखाधिकारीही इतकं लागेल असं बोलत नाहीत.

'नो कॉस्ट ईएमआय'वर मात्र मी अधिकाराने बोलू शकतो, आणि इथे वाचकांनी जरा सावरून बसावं. गणिताला सोपं म्हणून कॅमेरा पंचेचाळीस हजारांचा धरा, सहा हप्ते, साडेसात हजारांचा एकेक. सहा साते बेचाळीस आणि वर तीन, बरोबर पंचेचाळीस. मग व्याज कुठे गेलं? कुठेही गेलं नाही. बँक व्याज घेतेच, वर्षाला पंधरा टक्के धरू. दुकान तेवढी रक्कम आधी किमतीतून सूट म्हणून वजा करतं: १,९०५ रुपये. म्हणजे कर्ज ४३,०९५ चं, व्याज १,९०५ चं, बेरीज पुन्हा पंचेचाळीस. टाळ्या. पण व्याजावर अठरा टक्के जीएसटी लागतो तो ३४३ रुपये, आणि तो तुमचा. बँकेची प्रक्रिया फी १९९ असली तर करासह आणखी २३५, तीही तुमची. शून्य खर्चाची किंमत झाली ५७८ रुपये. आणि रोख देणाऱ्याला ती १,९०५ ची सूट मिळत नाही, हा त्यातला करुण रस. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना सरळ बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. त्यानंतर शून्य टक्के हे शब्द गेले आणि 'नो कॉस्ट' आलं. नाटक पडलं की कंपनीवाले नाव बदलून पुन्हा तंबू ठोकतात, तसं.

ग्राहकांचे अभिप्राय हा या साहित्याचा आत्मा आहे. तिथे मी तीन रात्री घालवल्या आणि त्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. पंचतारांकित अभिप्रायांत कॅमेऱ्याबद्दल जवळजवळ काहीही नसतं. खोक्याबद्दल असतं. 'पॅकिंग उत्तम. अजून उघडलं नाही. पाच तारे.' दुसरा म्हणतो, 'डिलिव्हरीवाले भाऊ फार चांगले.' एकतारांकित अभिप्राय मात्र खऱ्या साहित्याच्या जवळ जातात. त्यांत दुःख आहे, तपशील आहे, माणूस आहे. एका गृहस्थाने पिशवी राखाडी येणार होती ती काळी आली म्हणून एक तारा दिला होता. कॅमेऱ्याबद्दल तक्रार नव्हती. प्रश्नोत्तरांचा भाग तर लोकनाट्याचा आहे. 'याने लग्नाचे फोटो काढता येतील का?' उत्तर: 'माहीत नाही, मी भावासाठी घेतला.' दुसरं उत्तर: 'हो, लग्न असेल तर.' हे दुसरं उत्तर लिहिणारा माणूस मला भेटला तर मी त्याला चहा पाजीन.

अभिप्रायांच्या खरेखोटेपणासाठीही सरकारने २०२२ साली एक भारतीय मानक काढलं आहे, आयएस १९०००. ते मानक पाळायचं की नाही हे दुकानांच्या मर्जीवर ठेवलं. परीक्षेत कॉपी करू नये असं फळ्यावर लिहून सर बाहेर पान खायला गेले, असं मला वाटलं.

या साहित्यप्रकारात प्रामाणिक लेखन झालंच नाही असं नव्हे. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टने पहिला 'बिग बिलियन डे' केला. दहा तासांत ६०० कोटींची विक्री झाली असं कंपनीने सांगितलं. पण संकेतस्थळ अडखळलं, माल संपला, काही किमती बदलल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोघा संस्थापकांनी ग्राहकांना पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. सेलच्या साहित्यात त्या पत्राला मी वरचं स्थान देतो. त्यात एकही उद्गारचिन्ह अनावश्यक नसावं.

आता दोष. माझा मुख्य आक्षेप अलंकारांवर नाही. गिऱ्हाइकाला भुलवणं हा दुकानदाराचा धर्म आहे. पवनीच्या बाजारात लुगडं विकणाराही रंगाबद्दल थोडं काव्य करतोच. आक्षेप आहे तो पानावर जे लिहिलेलंच नाही त्यावर.

एक म्हणजे, या जातीचा कॅमेरा उतरणीला लागला आहे, हे पान सांगत नाही. डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो. भिंगातून आलेला उजेड तो वर फेकतो, तो आपल्या डोळ्याला दिसतो. बटण दाबलं की आरसा खाड्‌कन वर जातो आणि फोटो निघतो. आता बिनआरशाचे कॅमेरे आले. कॅननच्या अध्यक्षांनी २०२१ च्या अखेरीस सांगून टाकलं की आमचा सर्वांत वरच्या दर्जाचा डीएसएलआर हा शेवटचाच. निकॉनचा नवशिक्यांचा डी ३५०० हा २०२२ च्या सुरुवातीपर्यंत बंदच झाला. जगभरच्या डिजिटल कॅमेऱ्यांची खपत २०१० मध्ये वर्षाला बारा कोटींच्या वर होती, २०२३ मध्ये ती ऐंशी लाखांच्या आत आली. मधले सगळे मोबाइलने खाल्ले. याचा अर्थ तो कॅमेरा वाईट, असं मुळीच नाही. जुना बैल नांगराला चांगलाच चालतो. पण बाजारात उभा करताना त्याच्या शिंगांना नवा रंग लावून 'अगदी नवीन आगमन' म्हणू नये.

दुसरं जास्त गंभीर, आणि ते मला पानावर नव्हे, आमच्या गावच्या स्टुडिओत कळलं. स्टुडिओवाले भाऊ पूर्वी रोल धुवायचे, मग पासपोर्ट फोटो काढायचे, आता झेरॉक्सही काढतात. मी त्यांना पान दाखवलं. चोवीस मेगापिक्सेल, दोन भिंगं, पिशवी, कार्ड, तिपाई. त्यांनी चष्मा वर केला.

"फोटो कायचा काढता जी?"

"दंडारीचा. रात्री. मंडईत."

"मंग हे पान बंद करा. साहेब, कंपनी बाडी विकते, पिशवी विकते. उजेड थोडीच विकते!"

मग त्यांनी जे समजावलं ते इतक्या सोप्या भाषेत मी कुठेच वाचलेलं नव्हतं. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे सहा हजार बाय चार हजार ठिपके. छापला तर वीस इंच बाय तेरा इंचांचा फोटो. एवढी मोठी भिंत मामांकडे नाही. महत्त्वाचं ते भिंगाचं भोक. सोबत येणाऱ्या भिंगावर ३.५-५.६ असं काही तरी लिहिलेलं असतं. हा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. (हे वाणिज्य शाखेच्या माणसाला खटकतं, पण वर्गातला पहिला नंबर विसाव्यापेक्षा मोठा असतो, तसं समजावं.) झूम ताणली की ५.६ वर येतं, आणि मंडईतल्या दिव्यात एवढ्या बारक्या भोकातून आत येणाऱ्या उजेडाने चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूससुद्धा स्थिर दिसत नाही, कारण तो नाचत असतो. आयएसओ वाढवा, तर फोटोभर तांदळाचा कोंडा उधळल्यासारखे ठिपके. त्याऐवजी ५० मिलिमीटरचं, १.८ भोकाचं साधं भिंग घ्या. ५.६ ला १.८ ने भागा, येईल त्याला त्यानेच गुणा. मी तिथल्या तिथे केलं: साडेनऊपटींहून जास्त उजेड. आणि हे भिंग सर्वांत स्वस्तांपैकी. सेलच्या पानावर ते कुठे होतं? तळाशी, 'इतर ग्राहकांनी हेही पाहिलं' या ओळीत, एका मोबाइल कव्हरच्या शेजारी.

तिपाई फुकट आणि उजेड तळाशी, हा माझ्या मते या कलाकृतीतला मूलभूत दोष. भिंग हे कॅमेऱ्याचं कथाबीज. ते गाळून लेखकाने पिशवीवर तीन परिच्छेद लिहिले आहेत.

पुढचं थोडक्यात. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या लाटेमुळे जुने डीएसएलआर आता बरेच स्वस्तात सुटतात. भाऊंकडे त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यापैकी एक होता, 'फक्त शरीर' अवस्थेत. त्याने आजवर किती फोटो काढले हे मोजता येतं. त्या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण लाखभर फोटो धरून चालतं, याचे एकतीस हजार झाले होते. आम्ही पासबुक तपासावं तसं मी ते तपासलं. पैसे रोख दिले, शून्य टक्क्यांनी, खऱ्या शून्य टक्क्यांनी. भिंग मात्र सेलमधूनच मागवलं, आणि ते ठरल्या दिवशी, धड पॅकिंगमध्ये आलं हे न्यायासाठी नोंदवतो. पाच तारे.

५० मिलिमीटरच्या भिंगाला झूम नसते. जवळचं हवं असेल तर आपण पुढे जायचं, लांबचं हवं तर मागे. मंडईच्या रात्री मी मागे सरकत सरकत दोन वेळा बायांच्या सतरंजीवर आणि एकदा भज्यांच्या गाडीपर्यंत गेलो. ढोलकी कडकडली, मामा आले. एक गिरकी घेताना त्यांनी मान वळवली आणि मी बटण दाबलं. आरसा खाड्‌कन वाजला. त्या फोटोत मामांचा डोळा, कपाळावरचं गंध आणि गालावरून निथळणारा घाम इतका स्वच्छ आला आहे की मामींनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला, बोलल्या काही नाहीत. मोठ्या भोकाचा एक गुण असा की ज्यावर नेम धरला तेवढंच स्पष्ट येतं, बाकी मागचं सगळं मऊ धुक्यासारखं होतं. याला जाणकार फार मानतात, त्यासाठीच पैसे मोजतात.

मामांनी फोटो घेतला, उजेडाकडे धरला, लांब केला, जवळ आणला.

"मी त चांगला आलो गा," ते म्हणाले, "पन मांगचे सारे लोकं कोठी गेले? मंडई त भरून होती. पैसे कमी देल्ले का तू?"